वजन: पुरेसं

क्लाक्सविकच्या बंदर कचेरीत
तेवीस वर्षांची मासळी साठली आहे,
धक्क्याला लागलेल्या प्रत्येक होडीची एक नोंद,
आणि कुठल्याच दोन नोंदींचा चेहरा सारखा नाही.

एकीत होडी, तांडेल,
कॉड किती, हॅडक किती, बर्फ कुणाकडून उधार.
दुसरीत नुसती तारीख आणि "वारा फिरला".
तिसरीच्या पोटात यादी, त्या यादीच्या पोटात आणखी एक.
ज्याने जे सांगितलं ते हानुसने ठेवून घेतलं.
रकाना नाही म्हणून
कुणाला परत पाठवलं नाही.

आता तोर्शाव्नहून पत्र आलंय.
मंत्रालयाला तक्ता हवा,
उभे रकाने, आडव्या ओळी,
आणि विचारायची भाषा तीच जुनी:
निवडा, इथून, जिथे, या क्रमाने.
त्या भाषेला पोती कळत नाहीत.
तिला वाटतं, जग कुणीतरी
आधीच घडी घालून ठेवलंय.

मग रान्वाने मधे एक दुभाषा बसवायला घेतला,
समोरून तक्त्यासारखा दिसणारा,
मागून पोत्यात कोपरापर्यंत हात घालणारा.
खोटारडा नाही म्हणता येणार त्याला.
सोयरीक जुळवणारा माणूस बोलतो तेवढंच,
इकडचं तिकडे,
थोडी इस्त्री फिरवून.

यादी उलगडली की गंमत होते.
होडीत पाच जातींचे मासे असतील
तर होडी पाचदा उभी राहते,
तोच तांडेल, तीच तारीख,
दर वेळी वेगळ्या माशाचं बोट धरून.
आणि ज्या दिवशी जाळ्यात काहीच आलं नाही
तो दिवस जोड लावताच गायब.
डिझेल तर जळलं होतं.
माणसं भिजून, न बोलता घरी गेली होती.
रान्वाने जोड बदलली:
डावीकडचं सगळं राहू दे,
उजवीकडे कुणी असो नसो.
चारशे सहा दिवस परत आले,
तेव्हा आले होते तसेच,
रिकाम्या हातांनी.

सात हजार तीनशे सोळाव्या ओळीवर
इंजिन अडलं.
वजनाच्या जागी आकडा अपेक्षित.
तिथे होतं: "पुरेसं".

तिने हानुसला फोन लावला.
निवृत्त माणूस, मेंढ्या हाकत होता.
"वजनात पुरेसं लिहिलंय तुम्ही.
मार्चमधली नोंद. त्रोंदुरची होडी."
बराच वेळ नुसता वारा, मग कुत्रं.
"काटा बिघडला होता," तो म्हणाला.
"मी विचारलं, किती? तो म्हणाला, पुरेसं.
मग काय, शून्य लिहू?"

शून्य नव्हतंच ते.
नल ठेवावं तर
बेरीज त्याला ओलांडून पुढे जाते,
सरासरीच्या तर गावीही नसतं.
कुणी विचारलं नाही, तरी नल.
विचारलं, पण वाऱ्यात ऐकू आलं नाही, तरी नल.
काटा बिघडला होता, तरीही.
तिन्हींची एकच कोरी चौकट.

मंत्रालयातला बार्दुर म्हणाला, अंदाजाने टाका.
कितीचा?
साधारण.
साधारण हाही आकडा नाही, रान्वा म्हणाली,
आणि शेवटी तिने एक जास्तीचा रकाना काढला,
"वजन, सांगितल्याप्रमाणे".
हजारो ओळींत तो कोरा आहे.
एका ओळीत नाही.

रात्री साडेनऊला हानुसचाच फोन.
"आठवलं. त्यातले दोन हॅडक
त्याने मला दिले होते, घरी न्यायला.
तेही लिही कुठेतरी."
"कुठल्या रकान्यात, हानुस?"
"ते मला काय माहीत? तू शिकलेली."

तिने तक्ता मिटला.
पोतं उघडलं, नोंद शोधली,
खाली नवी ओळ घातली:
दोन हॅडक, हानुसला.

पोत्याने काही विचारलं नाही.